मावशीचा सॅक्सोफोन आणि सत्काराची खुर्ची

लॉन्ड्रीतल्या मावशीच्या तोंडी लागायचं नाही, हा नियम मालकही पाळायचा. साठी उलटलेली बाई. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी राहायची. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, शेवटी पाठ. कुणी घाई केली तर अर्धवट शर्ट तसाच त्याच्या हातात द्यायची. "घाला असाच. इस्त्रीला कुठे टाकला होता ते मात्र सांगू नका." ही बाई दर शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये सॅक्सोफोन वाजवते, असं सांगितलं की नवं गिऱ्हाईक हसायचं. एकदा ऐकून आलं की हसायचं नाही.

चौघांचा ताफा होता. पियानोवर गणिताचे निवृत्त मास्तर, उभ्या बासवर, म्हणजे खर्जात घुमणाऱ्या माणसाएवढ्या तंतुवाद्यावर, एक सुतार, ड्रमवर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि पुढे मावशी. जॅझ वाजवायचे. म्हणजे चाल ठरलेली, पण ती एकदा वाजवून झाली की पुढे ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसं. एकाने काही काढलं की बाकीच्यांनी झेलायचं. काय वाजवायचं हे मास्तर ठरवत आणि कसं वाजवायचं हे मावशी. या दोघांचं आयुष्यात कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून पानही हललं नाही.

मग मावशीच्या हिरड्यांनी दगा दिला. दातांच्या डॉक्टरने वरचे सगळे दात काढले आणि कवळी बसवली. सॅक्सोफोन वाजवताना माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, वरचे दात टेकवतात. सगळा आधार तोच. घरी आल्यावर मावशीने फुंकलं, वरच्या सुरापर्यंत चढली, आणि माउथपीसबरोबर कवळीही बाहेर आली. सून हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. मुलगा मात्र हसला नाही.

"आई, झालं ना आता? पुरे कर. माणसाने हौस करायची तरी किती?"

"हौस?" मावशीने कवळी पुसली. "तुझे बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी कशाच्या जोरावर उभी होते रे? हौसेच्या?"

पण नुसत्या रागाने सूर लागत नाही. मावशी जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीच्या मागे, कपडे वाळवायच्या मशीनपाशी जाऊन वाजवू लागली. मशीन एवढं घरघरायचं की तिची फजिती तिच्यापुरतीच राहायची. कवळी लावून काही जमेना. शेवटी एकदा वैतागून तिने ती काढून ॲप्रनच्या खिशात टाकली, वरचा ओठ आत दुमडून हिरडीवर घेतला आणि फुंकलं. आवाज आला. जाडाभरडा, घोगरा, अर्धा तर वाराच. वरचे सूर गेले ते गेलेच. पण आवाज तिचाच होता. त्या दुपारी ती इस्त्री करताना एकटीच हसत होती आणि बोळकं दिसतंय याची तिला शुद्धही नव्हती.

हे सांगायला ती मास्तरांकडे गेली, तर कवळीचं कानावर आलेल्या मास्तरांनी सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मावशी, येत्या शनिवारी तुमचा सत्कार. फुलं, दोन शब्द, तुम्ही पुढे खुर्चीत बसायचं. आम्ही तिघं वाजवू. तुमचा भाग मी पियानोवर उचलतो."

"मला विचारलंत?"

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून."

मास्तर मनाने वाईट नव्हते, आणि मावशीची पंचाईत तिथेच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. काळजी करणारा माणूस तुम्हाला अलगद उचलून कोपऱ्यात ठेवतो, वर त्याचे आभार मानावे लागतात. "बरं," एवढंच म्हणून ती निघाली. मावशीच्या तोंडून "बरं" ऐकल्यावर मास्तरांनी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी हॉल भरला. मुलगा आणि सून पहिल्या रांगेत. मास्तरांच्या भाषणात "सुवर्णकाळ" दोनदा येऊन गेला. मग त्यांनी मावशीच्या हातात फुलं दिली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

मावशीने फुलं खुर्चीत ठेवली. सोबत आणलेली पेटी उघडली, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला आणि सगळ्यांच्या देखत कवळी काढून मुलाच्या हातात दिली. "धर. पाडू नकोस."

पहिला सूर बरा लागला. तिसरा फाटला. बदकाच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला आणि मागच्या टेबलावर कुणीतरी खदाखदा हसलं. मुलाने मान खाली घातली.

या चौघांचा एक दंडक होता. सूर चुकला की पळायचं नाही. तोच पुन्हा वाजवायचा, ठणकावून, आणि बाकीच्यांनी तो उचलायचा. चुकलेल्याला एकटं सोडायचं नाही. मावशीने तो फाटका सूर पुन्हा वाजवला. आणखी एकदा वाजवला. मागून कुणीच येईना. सुतार मास्तरांकडे बघत होता आणि मास्तरांचे हात मांडीवर होते. सत्कारमूर्तीच वाजवायला लागली तर काय करायचं, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं.

आत्ता थांबलं तर हे कायमचं थांबणं, हे मावशीला पक्कं कळत होतं. ती थांबली नाही. सूर पुन्हा फाडला, यावेळी आणखी मोठ्याने.

ड्रायव्हरने ड्रमच्या कडेवर टक्कन काठी मारली, बरोब्बर त्या फाटलेल्या जागी. तिने पुन्हा फाडला, त्याने पुन्हा मारली. "वाजवा, मावशी!" तो ओरडला. सुताराने बास छातीशी ओढला. लोक अजूनही हसत होते, पण आता पुढचा फाटका सूर कधी येतो याची वाट बघत, टेबलावर ताल धरून.

मावशी वाजवत वाजवत पियानोपाशी गेली आणि तोंडातून माउथपीस काढलं.

"मास्तर, मी मेलेय का?"

"काय बोलता हे!"

"मग माझी जागा कशाला भरताय? तुमची वाजवा."

मास्तरांचे डोळे भरले होते. "तुमचे वरचे सूर नाहीत आता. चाल कुठून घेऊ, मला सुचत नाहीये हो."

"मला तरी कुठे सुचलंय?" मावशी म्हणाली. तिने ओठ दुमडला, माउथपीस तोंडात धरलं आणि मास्तरांसाठी न थांबता खालच्या सुरात शिरली. मास्तरांची बोटं पियानोवर चाचपडत तिच्या सुरांमागे गेली.