बाळू कुणाचं ऐकतो

त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होते. अंश वर की छेद वर, यावरून मुलांचा नेहमीसारखा गोंधळ चालला होता. तेवढ्यात दारात रफिकभाई दिसले. रफिकभाई म्हणजे आमच्या डॉक्टरांचे कंपाउंडर, बावीस वर्षांपासूनचे. ते डॉक्टरांची मोटारसायकल घेऊन आले होते. ती गाडी डॉक्टर कधी कुणाला देत नसत.

"म्याडम, अडलेली म्हैस मोकळी झाली. वगार झाली," ते म्हणाले. "साहेबांनी हात धुतले आन् खाली बसले. मंग उठलेच न्हाईत."

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. डोंगरकड्याला त्यांचा गुरांचा दवाखाना होता. सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणायचा, म्हणून मीही डॉक्टरच म्हणायचे. डॉक्टरांना जाऊन आता चार महिने झाले.

भेटायला माणसं यायची. सतरंजीवर गप्प बसायची. दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं, "एकदा काय झालं माहिताय का म्याडम..." मग सगळे हसायचे आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प व्हायचे. मी म्हणायचे, "सांगा ना, पुढे काय झालं?" गुरांच्या दवाखान्यात औषधांपेक्षा किस्से लवकर साठतात. औषधांना निदान एक्सपायरी तरी असते!

बैलांचे, म्हशींचे किस्से पोतंभर आहेत. इथे सांगतेय ते फक्त कुत्र्यांचे, तेही मोठ्या, ताकदवान जातीच्या. कारण त्यातला एक आमच्या परसात, जाळीच्या पिंजऱ्यात आहे. पन्नास किलोचा रॉटवायलर. नाव बाळू. तो फक्त डॉक्टरांचं ऐकायचा.

माझा मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "आई, महिनाअखेरीला मी येतो. तोवर तू स्वतः जाळीत जाऊन त्याला खायला घालू शकलीस, तर ठेव. नाहीतर माझ्या ओळखीचे एक ट्रेनर आहेत, ते घेऊन जातील. चांगला माणूस आहे." मुलगा बरोबरच बोलतो. त्याला वडिलांचं वळण आहे.

* * *

आमच्याकडे अशी कुत्री यायला लागली ती मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे. पूर्वी गावात कुत्रं पाळायचं म्हणजे ते आपणहून दारात येऊन बसायचं. आता ट्रॅव्हल्सने खोक्यातून यायला लागलं.

एक ठेकेदार असंच पिल्लू घेऊन आले. टोपलीत मावेल एवढं.

"डॉक्टर, लई नाव ऐकून आणलं. पर हे भुंकतच न्हाई! राखण काय करंल? ताकदीचं काही इंजेक्शन द्या."

"किती दिवसांचं आहे?"

"दीड महिन्याचं."

डॉक्टरांनी पिल्लाचे कान तपासले, पोट तपासलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही दीड महिन्याचे होतात, तेव्हा किती भाषणं केली होती?"

* * *

कुत्रं तिखट व्हावं म्हणून त्याला हिरव्या मिरच्या खाऊ घालायच्या, अशी आमच्याकडे एक जुनी समजूत आहे. सेनगावकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या जर्मन शेफर्डला पंधरा दिवस भाकरीतून ठेचा घातला. कुत्रं रक्ताची हगवण लागून आडवं झालं, तेव्हा दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. त्या माणसाला काही बोलले नाहीत. दुपारी आमच्या घरून डबा आला, त्यात ठेचा होता. डॉक्टरांनी तो सगळा त्या माणसापुढे सरकवला.

"खा."

"आता इतका, डॉक्टर?"

"खा की. मी अन् रफिकभाई बसलो आहोत समोर. बघू, आमच्यापैकी कुणाला चावता ते!"

त्या माणसाने हात जोडले. कुत्रं वाचलं. पुढे दर महिन्याला तो त्याला वजन करायला आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "डॉक्टर, गोडं जेवण चालू हाय!"

* * *

मोठ्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं तर आधी तोंडाला जाळी बांधावी लागते. डॉक्टर फोनवरच सांगायचे, "येताना मुसकं घेऊन या."

शेतात कोळपताना बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीचं मुसकं घालतात. कळमनुरीचे एक काका नेमकं तेच घेऊन आले! त्यांच्या मेव्हण्याने हौसेने घेतलेला डॉबरमन सोबत. काकांनी मुसकं कुत्र्याच्या तोंडावर चढवलं, आणि त्याच्या तळाच्या झिजलेल्या विणीतून अख्खं डोकं आरपार बाहेर आलं. मुसकं गळ्यात जाऊन पडलं. कुत्रा मान ताठ करून सगळ्यांकडे बघायला लागला.

रफिकभाई म्हणाले, "साहेब, सत्कार झाला. आता दोन शब्द बोलाया सांगा!"

* * *

रफिकभाईंचं सांगायचं तर, उधळलेल्या वळूसमोर हा माणूस हात पसरून उभा राहतो. पण कुत्र्याला भितो. हे कुणाला माहीत नव्हतं. मग एक दिवस एक तरुण पिटबुल घेऊन आला. त्याने साखळी हाताला गुंडाळायच्या ऐवजी नुसती बोटात अडकवली होती, कारण दुसऱ्या हाताने तो फोनवर बोलत होता. साखळी सुटली.

डॉक्टर आतल्या खोलीतून सिरिंज भरून आले. बघतात तर पिटबुल जमिनीवर बसून शेपटी हलवतोय, आणि रफिकभाई तपासणीच्या टेबलावर!

"रफिकभाई, पेशंट वर पाहिजे. तुम्ही खाली या."

"साहेब, आधी मलाच तपासा. छातीत धडधड होऊन राहिली!"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्या तरुणाचा फोन घेऊन खिशात टाकला आणि म्हणाले, "हा नशिबाने गरीब निघाला. साखळी दोन्ही हातांनी धरून गावातून एक चक्कर मारून ये. मग फोन देतो." तो चक्कर मारून आला तेव्हा घामाने निथळत होता. तोपर्यंत त्याला वाटत होतं, कुत्रा त्याच्यासोबत फिरायला येतो.

* * *

डोंगरकड्याच्या रस्त्यालाच एकांचा बंगला आहे. फाटकावर लाल अक्षरांत पाटी, 'कुत्र्यापासून सावध'. वर कॅमेरा. पण फाटकाचा अडसर मोडलेला, तो सहा महिने तसाच. एका सकाळी त्यांचा कुत्रा बाहेर आला आणि त्याने शेजारच्या म्हातारीची शेळी धरली.

म्हातारीने शेळी कवेत घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टर टाके घालत होते. मालक मागोमाग आले.

"डॉक्टर, खरं सांगतो, आमचा टायगर कुणाला काही करत न्हाई हो."

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. "हे वाक्य मी नेहमी टाके घालतानाच ऐकतो."

मालक जरा ओशाळले. "फाटकावर पाटी तर लावली हाय."

"ती टायगरने वाचली का?"

म्हातारी रडता रडता हसली. म्हणाली, "माझ्या शेळीलाबी न्हाई येत वाचता, बाबा."

त्याच दिवशी सुतार येऊन अडसर बसवून गेला.

* * *

बाळू आमच्याकडे आला ती गोष्ट हसायची नाही.

त्याचं मूळ नाव डॉन. कळमनुरीच्या एका दुकानदाराने घेतला होता. सहा वर्षांच्या पुतणीला त्याच्या पाठीवर बसवून व्हिडिओ काढायचे. लोकांना फार आवडायचे. एक दिवस डॉन खात असताना पोरीने त्याच्या ताटलीतला टोस्ट उचलला. त्याने दंडाला धरलं.

मालक त्याला जीपमध्ये बांधून दवाखान्यात आले. "डॉक्टर, याला मरायची सुई द्या. आत्ताच्या आत्ता."

"लेकरू कुठंय?"

"घरी. हळद भरली हाय."

डॉक्टरांनी कुत्रा दवाखान्याच्या खांबाला बांधायला लावला आणि त्याच जीपने ते त्यांच्या घरी गेले. नळाखाली साबणाने तो दंड बराच वेळ धुतला, पोरीला आणि तिच्या आईला जीपमध्ये बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू केली. मग परत येऊन कुत्र्याकडे बघितलं.

"खाताना जवळ जायचं नाही, हे पोरीला कुणी सांगितलं होतं?"

मालक खांबाची साखळी सोडायला लागले.

"आन् कुत्र्याला कुणी काय शिकवलं?"

मालकांनी साखळी डॉक्टरांच्या हातात दिली.

पिसाळलेला नाही ना, हे बघायला दहा दिवस ठेवतो म्हणून डॉक्टर त्याला घरी घेऊन आले. त्याला दोन वर्षं झाली. आधी भक्कम जाळी उभी केली, मग कुत्रा आत घेतला. नाव बदललं. म्हणाले, "डॉन म्हटलं की माणसांच्याच अंगात येतं. बाळू म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो."

पोरीच्या दंडावर वण राहिला आहे. डॉक्टर दर दिवाळीला तिला भेटून यायचे. बाळूला मात्र त्यांनी कधी निर्दोष म्हटलं नाही, आणि दोषीही म्हटलं नाही. "त्याच्या अंगात ताकद आहे, ती त्याने मागितलेली नाही," एवढंच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी फिरवणं, ठरल्या वेळी खाणं, घरात लेकरू आलं की जाळी बंद. यात दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आम्ही दोघं मिळून कुठे गावाला गेलो नाही, तेही त्यामुळेच.

मला म्हणायचे, "एकदा माझ्यासमोर तू त्याला भाकरी दे. मी आहे तोवर ओळख करून घे."

मी म्हणायचे, "रविवारी बघू."

* * *

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ जीप घेऊन दारात उभे राहिले.

"म्याडम, तुमच्याकडचं कुत्रं लई डेंजर हाय म्हणत्यात. द्यायचं हाय का?"

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी, मालकीण, आन् दोन लेकरं."

"मग लेकरं कुठे देणार आहात?"

ते जीप वळवून गेले. रफिकभाई ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बराबर बोलल्या. साहेब असंच बोलले असते." मी आत जाऊन चहा टाकला. सवयीने तीन कप पाणी.

* * *

डॉक्टर गेल्यावर दवाखान्याच्या आवराआवरीसाठी मोटारसायकल मी रफिकभाईंना दिली. ते रोज सकाळी सातला बाळूला खायला घालायला येतात. पण गाडीवर बसून येत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून ढकलत आणतात. घाम पुसत फाटकात शिरतात.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "पेट्रोल संपलं का रफिकभाई?"

"व्हय म्याडम."

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. शेवटी मी म्हटलं, "रोजच संपतं?"

त्यांनी जाळीकडे बघितलं. बाळू पुढचे पाय जुळवून, कान उभे करून फाटकाकडे तोंड करून बसला होता. डॉक्टरांची गाडी सातला फाटकात शिरायची; तो अजून रोज सातला तसाच बसतो.

"गाडीला जरा तकलीफ हाय," रफिकभाई म्हणाले, आणि ताटली घ्यायला गेले.

* * *

आता गेल्या रविवारची गोष्ट.

डॉक्टर गेल्यापासून बाळूचं फिरणं बंद आहे; रफिकभाई जाळीत जात नाहीत, फरशीही बाहेरूनच पाइपने धुतात. त्यांनी एका लांब बांबूच्या टोकाला लाकडी फळी ठोकली आहे. जाळीच्या खालच्या फटीतून ताटली त्या फळीने आत सरकवतात. रविवारी ताटली आत गेली, पण बांबू बाहेर काढायच्या आधी बाळूने त्याचं टोक जबड्यात धरलं. आणि ओढायला लागला!

रफिकभाईंनी दुसरं टोक सोडलं नाही. चपला घसरत ते जाळीकडे जाऊ लागले.

मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "सोडा हो, रफिकभाई!"

"न्हाई म्याडम! आज सोडला तर हा उद्या मलाच मागंल!"

फटीपासून ते हातभर उरले होते. मग माझ्या तोंडून काय निघालं, ते मला निघाल्यावर कळलं. अठ्ठावीस वर्षं ज्या आवाजात वर्ग गप्प केला, तो आवाज.

"खाली बस! हात मांडीवर!"

बाळूने बांबू सोडला आणि खाली बसला.

रफिकभाईही बसले! ओल्या फरशीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

मग रफिकभाई बसल्या बसल्याच म्हणाले, "साहेब सांगत व्हते मला. म्हनले, घरात हा आवाज आला की मीबी बसतो."

बाळू फाटकाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी दाराची पायरी उतरले, जाळीपर्यंत गेले. दाराला हात लावला. रफिकभाई म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या, म्याडम." मी परत आले.

मुलगा यायला पाच दिवस आहेत. बाळूच्या जाळीत मी अजून पाऊल ठेवलेलं नाही.