पोच बोलून टाका

माझी शाळा दुसरीपातूर. सही येत्या, आकडं कळत्यात, पण चार ओळी वाचायला बसलो तर सकाळची दुपार हुत्या. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यामुळंच झालं.

माझं मालक वारलं तवा पोरगं न्हानगं हुतं. मी गणवेशाच्या दुकानासाठी घरात बसून काज-बटण करायचो. शर्टामागं ठरल्यालं पैसं. पोरगं दहावी झालं त्या उन्हाळ्यात दोन म्हयनं मान मोडून काम केलं आन् दुकानदारानं छदाम दिला न्हाय. मागायला गेलो तर गल्ल्यावरनं न उठता म्हटला, "मावशी, किती शर्ट दिलासा? काय पुरावा हाय?"

पुरावा काय असणार? बोटाला सुईची भोकं हुती. मी परत आलो. पोराला आयटीआयला घालायचं त्या पैशात ठरलं हुतं. ते ऱ्हायलं. त्यो टेम्पोवर क्लीनर म्हणून गेला, आता टेम्पो चालवतोय. त्यानं कधी बोलून दाखवलं न्हाय, मी बी काढत न्हाय.

त्याच येळेला दारात एक म्हस हुती. दूध डेरीत घालायचो. तिथं रोज चिठ्ठी मिळायची, किती लिटर, किती फॅट. मला ती धड वाचता यायची न्हाय, पण मी सगळ्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. दहा दिसानं डबा नेऊन टेबलावर ठेवला की पैसं बरोबर मिळायचं, कोण हुज्जत घालायचं न्हाय. तवा डोक्यात बसलं. माल हातातनं सुटला की पोच घ्यायची.

सून आली ती शिकल्याली. लग्नाचं अल्बम करायचं काम तिला येतंय. स्टुडिओवाला फोटो देतोय, ही घरात लॅपटॉपवर पानं सजवत्या आन् पेनड्राइव्हमधी भरून देत्या. नोकरी न्हाय, पगार न्हाय. अल्बमामागं दोन हजार. लॅपटॉप हप्त्यावर घेतल्याला.

बाळ अंगावर पीत हुतं, म्हणून तिला उचगावातनं शहरात जाता यायचं न्हाय. पेनड्राइव्ह पोचवायला मी जायचो बसनं. पदराच्या गाठीत बांधून न्यायचो. पयल्याच खेपेला मी स्टुडिओवाल्याला म्हटलो, "मिळालं म्हणून पोच द्या की."

"मावशी, त्याला काय पोच? मी काय पळून चाललोय व्हय?"

"तुमी न्हाय ओ, माझी आठवण पळत्या. आन् लिहून देऊ नगासा, मला धड वाचता येत न्हाय. माझ्या फोनवर बोलून टाका."

त्याला लई मजा वाटली. दुकानातली पोरं बी हसाय लागली. त्यानं आपला फोन तोंडाजवळ धरला आन् मला व्हॉट्सअपवर बोलून पाठवलं, "कबनूरच्या लग्नाचा अल्बम मिळाला ओ मावशी. झक्कास झालाय. नवरीकडची माणसं लई खूश हुतील. दोन हजार म्हयनाअखेर देतो." मी तिथंच ऐकलं, मग उठलो. पुढं दर खेपेला तसंच. मी पायरी चढलो की पोरं म्हणायची, "मालक, पोचवाल्या मावशी आल्या."

असं एकोणीस अल्बम झालं. पैसं एकाचं बी न्हाय. आधी म्हयनाअखेर, मग सिझन संपल्यावर, मग गिऱ्हाईकानंच दिलं न्हाईत. मग फोन उचलायचाच बंद झाला. लॅपटॉपचं दोन हप्तं थकलं.

पोरगं एक दिस जेवताना बायकूला म्हटलं, "सोड ते. मॉलमधी लाग. पगार तरी हातात येईल."

जेवणं झाल्यावर सुनेनं लॅपटॉप कापडात गुंडाळला आन् कपाटावर ठेवला. मला तिचं ते गुंडाळणं बघवंना. मी बी त्या साली सुया अशाच डबीत घालून डबी वर ठेवलती.

पोरगं तेवढ्यात माझा फोन बघत हुतं. "आये, फोन भरलाय तुझा. ह्यो बोलल्याला सगळा कचरा उडवू का?"

"हात लावशील तर बघ," मी म्हटलो.

आमच्या बचत गटात मागं एकदा कोर्टाकडनं एक बाई येऊन गेलती. तिनं सांगितलतं, बाईमाणसाला कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळतोय, मग ती गरीब असू दे न्हायतर श्रीमंत. बाकीच्यांनी ऐकलं आन् चहा पिऊन घरी गेल्या. माझ्या ध्यानात ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी सुनेला म्हटलो, "बाळाला घे. कोर्टात जायचंय."

"आत्ती, कोर्टात? आपुन? लोक काय म्हणतील? परत काम तरी देईल का त्यो?"

"आता तरी कुठं देतोय? काम देतोय, पैसं देत न्हाय. त्याला काम म्हणत न्हाईत."

तिथं फुकट वकील देत्यात त्या खोलीत आमाला एक तरणी वकीलबाई दिली. तिनं इचारलं, "आजी, लेखी काय आहे?"

"लेखी न्हाय. बोलीव हाय." मी फोन टेबलावर ठेवला.

तिनं एकेक निरोप लावला. खोलीत स्टुडिओवाल्याचं हसणं घुमाय लागलं. तिनं एकोणीसच्या एकोणीस ऐकलं, तारखा लिहून घेतल्या आन् म्हटली, "आजी, ह्यातलं एकही पुसू नका. फोन पण बदलू नका."

मग तिनं सुनेला समजावलं. आधीच लघुउद्योग म्हणून नोंदणी केली असती तर कायद्यानं पंचेचाळीस दिसाच्या आत पैसं द्यावं लागलं असतं, उशीर झाला तर व्याजासकट. नोंदणीला पैसं लागत न्हाईत. पण ह्या एकोणीस अल्बमांस्नी ते लागू न्हाय. सुनेचा चेहरा उतरला. वकीलबाई म्हटली, "व्याजाचा कायदा नाही, पण केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत. तीन वर्षं दावा लावता येतो. आधी नोटीस देऊ."

नोटीस गेली. चौथ्या दिशी स्टुडिओवाल्याचा फोन. इतकं दिवस न उचलल्याला, आता आपणहून.

"काय ओ मावशी, घरच्या माणसावर नोटीस?"

"फोन उचलत नव्हतासा, म्हणून पोस्टानं हाक मारली."

मग लोकअदालतीला दोघांस्नी बोलवणं आलं. त्यो आला इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या सायबांस्नी म्हटला, "सर, चार-पाचच अल्बम दिलेले. ते पण खराब. मला परत करून घ्यावे लागले."

वकीलबाईनं फोन पुढं केला. "झक्कास झालाय. नवरीकडची माणसं लई खूश हुतील." दुसरा लावला, तिसरा लावला. सातव्याला त्यो म्हटला, "बास करा." मी म्हटलो, "ऱ्हायलंत की अजून, पावणं. ऐका."

सायबांनी मान खाली घातली, हसत असतील.

त्यो वीस हजारावर आला. सुनेनं माझ्या कोपराला धरलं. हळूच म्हटली, "आत्ती, घेऊया. मिटवूया."

माझ्या तोंडाशी उत्तर आलतं. पण काम तिचं, डोळं तिचं दुखल्यालं. मी तिलाच म्हटलो, "अल्बम किती केलंस गं?"

"एकोणीस."

"मग सांग त्यास्नी."

बाळ मांडीवर हुतं, त्याचा हात तिच्या मंगळसूत्रात अडकल्याला. ती सोडवत सोडवत म्हटली, "अडतीस हजार. सगळं." मोठ्यानं म्हटली. त्या आवाजात मी तिला घरात बी कधी ऐकलं नव्हतं.

दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. कागद झाला. वकीलबाई म्हटली, ह्यो कागद कोर्टाच्या हुकमासारखाच, मोडता येत न्हाय. सुनेनं सही केली. पयला चेक त्याच दिशी, दुसरा म्हयन्यानं. दोन्ही वटलं. लॅपटॉपचं हप्तं भागलं आन् त्यो कपाटावरनं खाली आला. नोंदणी बी करून घेतली.

आता गल्लीतल्या पोरी माझ्याकडं येत्यात. एक मेंदी काढत्या, एक केकवर फुलं करून देत्या. कुणाचं ना कुणाचं पैसं अडकल्यालं असत्यात. मी आधी इचारतो, "पोच हाय?" न्हाय म्हटली की दोन शिव्या घालतो, तरी बी कोर्टाच्या त्या खोलीपातूर घेऊन जातो. वाट मला म्हाईत झाल्या.

परवा स्टुडिओवाल्याचा फोन आला. "मावशी, मुरगूडचं लग्न हाय. मोठं काम. सूनबाईला सांगा की."

"सांगतो. किती देणार, निम्मं आगाऊ कवा, उरल्यालं कुठल्या तारखेला, तेवढं बोलून टाका."

"अजून इस्वास न्हाय व्हय माझ्यावर?"

"हाय की. म्हणून तर फोन उचलला."

फोन ठेवला. भाकरी थापायला बसलो. दुसरी भाकरी तव्यावर टाकली तवा फोन वाजला, त्याचा बोलल्याला निरोप आलता. सुनेनं हात पुसून ऐकलं, परत ऐकलं, मग तेच सगळं लिहून त्याला उलट पाठवलं. आगाऊ पैसं खात्यात आलं संध्याकाळी. मग तिनं लॅपटॉप उघडला.