बिब्ब्याखालचा मार

छत्तीसगड तुटून वेगळं झालं, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी पंचेचाळिशीची होते, सिहोऱ्याकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते आणि स्वतःला फारच हुशार समजत होते. घर जबलपुरात. सकाळी सिहोऱ्याची बस पकडायची, संध्याकाळी परतीची. एवढं पुरलं नाही म्हणून मी न्यायवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गाला नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ वर्ग होता, शनिवारी दुपारी आणि रविवारी. जखम कशानं झाली, कधी झाली, खरी की बनावट, हे कोर्टाला सांगायचं ते शास्त्र.

"या वयात शाळेत काहून जाऊन राहिली वं?" सासूबाईंनी विचारलं. त्या नागपूरकडच्या, बोलायला सडेतोड. बसची वेळ झाली म्हणत मी सटकले.

पहिल्याच आठवड्यात मी एक मोठं भिंग विकत घेतलं. घ्या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये कंडक्टरच्या मनगटावरचा डाग मी त्यातून निरखायला लागले, तर तो म्हणाला, "दीदी, पहले टिकट ले लो, हाथ बाद में देखना." त्याला वाटलं, मी भविष्य सांगते.

वर्गात एकदा बनावट जखमा शिकवल्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लावलं की मुका मार लागल्यासारखा काळा डाग उठतो. ओळखायचं कसं? डागाच्या कडेला बारीक फोड असतात, खाज सुटते, आणि खाजवणाऱ्याची बोटंही काळी होतात. मी वहीत पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढली. एका बाजूला खरा मार, दुसऱ्या बाजूला खोटा. पान इतकं सुंदर दिसत होतं की मी ते दोन-चार जणांना दाखवलं.

पुढच्याच शुक्रवारी हवालदार एका विशीच्या पोरीला घेऊन आला. सोबत तिची आई. नवऱ्यानं दोन दिवसांपूर्वी काठीनं मारलं, अशी तक्रार होती. पोरीनं दंड पुढे केला. काळा डाग. मी भिंग काढलं. कडेला फोड! खाज येते का विचारलं, तर म्हणाली, "बहुत." बोटं पाहिली, टोकं काळी! मला आनंदानं घाम फुटला. पोरगी "दुखता है" म्हणत होती, ते मी नाटकात जमा केलं. कागदावर ऐटीत लिहिलं, "खूण बनावट. मार लागल्याचं चिन्ह नाही." खाली सही ठोकली.

शनिवारी वर्गात सांगितलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "पीठ देखी थी?"

"पीठ का तो उसने कुछ बताया नहीं, सर."

पाठ मी पाहिलीच नव्हती. सर नुसते "हूं" म्हणाले. त्या "हूं"चं काय करायचं मला कळेना, म्हणून मी खोव्याची जलेबी घेऊन घरी गेले.

सासूबाईंनी जलेबी खात खात सगळं ऐकलं.

"अन् थे पोरगी काय म्हणे?"

"म्हणाली, नवऱ्यानं मारलं."

"मंग मारलंच असन."

"अहो आई, बिब्बा लावला होता तिनं!"

"त मार लागल्यावर काय श्रीखंड लावते? मुका मार लागला का बिब्बाच लावतेत. तुह्या नवऱ्याचा पाय मुरगळला होता, तवा म्या नाही लावला? तू घरातच होती. डोये कुठं होते तुहे?"

मी उठून वही आणली. खरा मार इकडे, खोटा तिकडे. ही पोरगी कुठे बसवायची? मार खरा आणि डाग बिब्ब्याचा, दोन्ही एकाच दंडावर असू शकतं, हे त्या सुंदर पानावर कुठेच नव्हतं. की सासूबाई चुकत होत्या? की सर? रविवारभर मी वर्गात बसले होते, पण कुठला विषय झाला ते आठवत नाही.

सोमवारी हवालदाराला गाठलं.

"वो केस तो गई, मैडम जी. आपने ही तो झूठा लिखा है. ससुराल वाले बुधवार को लेने आ रहे हैं."

माझ्या सहीवर त्या पोरीला त्याच काठीकडे पाठवणार होते. मी त्याच्या हातापाया पडून मंगळवारी तिला परत आणायला लावलं. पोरगी आली, पण माझ्याकडे बघेना. या वेळी भिंग पिशवीतच ठेवलं. पडदा ओढला आणि पाठ उघडी करायला सांगितली.

दंडापासून खांद्यामागून कमरेपर्यंत दोन-दोन समांतर रेघांचे वळ होते. काठीचे वळ असेच उठतात. कडांना ते हिरवे-पिवळे पडत चालले होते, आणि असा रंग बिब्बा बदलत नाही. बिब्बा होता तो फक्त दंडावर.

"पीठ पे क्यों नहीं लगाया?" मी आईला विचारलं.

"भिलवाँ खतम हो गया था," आई म्हणाली. बिब्ब्याला तिकडे भिलवाँ म्हणतात.

मी दुसरा कागद लिहिला. हवालदारानं डोकं खाजवलं, "और पहली वाली?" म्हटलं, दोन्ही लावा. बुधवारी सासरची माणसं आली आणि हात हलवत परत गेली.

सात-आठ महिन्यांनी कोर्टात बोलावणं आलं. नवऱ्याच्या वकिलानं दोन्ही कागद दोन हातांत धरले.

"पहली में झूठ, दूसरी में सच. दोनों बार आप ही थीं?"

"जी, मैं ही थी. दूसरी सही है. पहली बार मैंने पीठ नहीं देखी."

"क्यों नहीं देखी?" हे जजसाहेबांनी विचारलं.

खरं उत्तर शोधता शोधता माझ्या तोंडून निघालं, "साहब, मैं उन दिनों पढ़ाई कर रही थी."

सगळं कोर्ट हसलं. मला वाटतं, साहेबही हसले. दुसरा कागद मात्र त्यांनी खरा धरून ठेवून घेतला.

बाहेर वडाखाली मायलेकी थांबल्या होत्या. आईनं मला बाजूला घेतलं.

"डॉक्टरनी जी, एक बात बताओ. अब किसी को मार लगे तो भिलवाँ लगाएँ कि नहीं?"

लावू नका म्हटलं तर दुखणं कोण थांबवणार? लावा म्हटलं तर पुढची डॉक्टरीण माझ्यासारखीच निघायची. शेवटी म्हटलं, "पहले मुझे दिखाना. बाद में लगाना."

पोरीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आपको दिखाया तो था," ती म्हणाली.