चार पट्ट्या आणि वहिनींचा डूख

कॉम्प्युटरच्या गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. दुकान दोन भावांचं. धाकटा भाऊ म्हणजे त्यांचा दीर, तो पुढे काउंटरवर बसून दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करायचा. ते ऐकून गिऱ्हाईकं, हमाल, समोरचा प्रिंटरची शाई भरून देणारा, सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. थोरला भाऊ, म्हणजे त्यांचा नवरा, ऑफिसांतून केबल ओढत फिरायचा. भांडण म्हटलं की त्याचं पोट दुखायचं. मशीन जोडायचं काम मागच्या टेबलावर वहिनींचं. कुठला प्रोसेसर, कुठला मदरबोर्ड, कुठली रॅम एकमेकांशी जमेल, हे त्या लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं आधीच सांगायच्या, आणि मावशीपेक्षा कमी खोटं बोलायच्या. खरं तर बोलायच्याच नाहीत. मालाबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढा एकच माज होता बाईंना, पण तो भरपूर होता.

एके दिवशी भर दुपारी एक फोटो स्टुडिओवाला तणतणत आला. नवं मशीन त्यानं काउंटरवर आदळलं. “रॅमवर बत्तीसशे छापलंय,” तो म्हणाला, “आणि माझ्या मुलानं तपासायचा प्रोग्राम टाकला तर सोळाशे दाखवतोय. अर्धाच वेग? फसवायला मीच सापडलो?”

यात फसवणूक कसलीच नव्हती. तो प्रोग्राम फक्त ठोके मोजतो, आणि ही रॅम एका ठोक्याला दोनदा काम करते. म्हणजे सोळाशे दुणे बत्तीसशे. पाढे येणाऱ्या कुणालाही पटेल अशी गोष्ट. वहिनी ती सांगायला हात पुसत पुढे आल्या, पण भावजींनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

“वहिनींनी जुना माल घातला असणार,” भावजी सगळ्यांदेखत म्हणाले. “बाईमाणूस, कळत नाही. मी बदलून देतो, साहेब.”

आत जाऊन त्यांनी काय केलं, ते वहिनींनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. रॅमच्या त्याच पट्ट्या काढल्या, दुसऱ्या पाकिटात घातल्या, गिऱ्हाइकासमोर ते पाकीट फाडलं आणि परत त्याच बसवल्या. मग मशीन सुरू होतानाचा बायोसचा पडदा दाखवला. तिथे पूर्ण वेग दिसतो, तसा बत्तीसशे दिसला. स्टुडिओवाला खूश. म्हणजे भावजींना सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यापेक्षा वहिनीला चोर ठरवणं त्यांना सोपं वाटलं, इतकंच. चोर तो चोर, वर शिरजोर!

गल्लीला काय, चघळायला काहीतरी हवंच असतं. आठवडाभरात ‘अर्धी वहिनी’ हे नाव सगळीकडे झालं. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, आपलाच आहे तो.” वहिनींनी आपला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. हळूहळू काम आलं, नाव सावरलं, पण मन सावरलं नाही. घरातल्या जेवणावळींत त्या भावजींना आग्रह करकरून वाढायच्या आणि मनात म्हणायच्या, खा, तुमचीही वेळ येईल. त्यांना पैसा नको होता की दुकान नको होतं. ज्या गल्लीत या माणसानं आपल्याला चोर म्हटलं, त्याच गल्लीत त्याच्या तोंडून खरं ऐकायचं होतं. आणि ते मिळणार नसेल, तर त्याची फजिती तरी डोळे भरून बघायची होती.

वेळ आली. भावजींना एका आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनचं काम मिळालं. मोठमोठे नकाशे उघडायचे म्हणून भावजींनी प्रत्येक मशीनमध्ये रॅमच्या चार पट्ट्या ठोकल्या, त्याही सहा हजार वेगाच्या. बायोसमध्ये वेगही तोच लावला. आणि जरा मोठा नकाशा उघडला की मशिनं थिजायला लागली. भावजींनी विंडोज पुन्हा टाकलं, पंखे बदलले, वायरी बदलल्या. शेवटी जिन्याखाली येऊन उभे राहिले. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. वहिनींना त्या दिवशी गाढव व्हायला काहीच हरकत नव्हती.

“वहिनी, एकदा बघा ना. माझी तर मती गुंग झालीय.”

वहिनींनी मशीन उघडलं, बोर्डाचा नंबर वाचला आणि त्यांना रोग कळला. पट्टीवर छापलेला वेग म्हणजे तिची स्वतःची धाव. ती किती धावेल, ते मात्र बोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात. मुलगी माहेरी कितीही उड्या मारो, सासरच्या घराला झेपेल तेवढंच चालतं. या बोर्डाला दोन पट्ट्या सहा हजारावर झेपायच्या. चार बसवल्या की त्याला पुष्कळ खाली उतरावं लागे. कंपनीनं तसं छापलेलंही होतं. बायोसमध्ये जाऊन वेग उतरवला की झालं. चहा निवायच्या आत होणारं काम.

वहिनींनी झाकण लावलं. आतून त्यांना इतकं गोड वाटत होतं की त्याची थोडी भीतीच वाटली.

“बोर्ड चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “रॅमच खोटी आहे, भावजी. शेठनं तुम्हाला फसवलंय.”

शेठ म्हणजे गल्लीतला घाऊक व्यापारी. साऱ्या दुकानांचा माल त्याच्याच गोदामातून यायचा. त्याच्याशी वाकडं घेतलं की गल्लीतला धंदा संपला, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भावजी तावातावानं तिकडे निघाले आणि वहिनी मागोमाग गेल्या. फजिती डोळ्यांनी बघायची होती ना!

गोदामात ही गर्दी. भावजींनी पट्ट्यांचा ढीग शेठच्या पुढ्यात ओतला आणि सगळ्यांसमोर त्याला लबाड म्हटलं. शेठ म्हातारा, थंड डोक्याचा. त्यानं तसाच एक बोर्ड मागवला आणि दोन-दोन पट्ट्या लावून बघितल्या. प्रत्येक जोडी सहा हजारावर सुरळीत चालली. लोक हसायला लागले.

भावजी मात्र हटले नाहीत. “हसू नका,” ते म्हणाले. “माल खोटा आहे असं वहिनींनी सांगितलंय. आणि वहिनी मालाबद्दल खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी स्टुडिओवाल्यासमोर मीच खोटं बोललो होतो. त्याच पट्ट्या मी दुसऱ्या पाकिटातून काढून दाखवल्या. यांच्याइतकं खरं बोलणारं माणूस या गल्लीत नाही.”

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आयतं कानावर पडलं, आणि वहिनींना धरणी दुभंगली तर बरं असं वाटलं. गप्प राहिल्या असत्या, तर ते बोलणं जन्मभर त्यांचं होतं.

शेठ त्यांच्याकडे वळला. “वहिनी, तुम्हीच सांगा. हा बोर्ड चार पट्ट्यांवर सहा हजार घेतो का?”

“नाही घेत,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी भावजींकडे सरळ बघितलं, कारण एवढं सगळं केलं ते यांना कळल्यावाचून राहावं, हे त्यांना सोसवेना. “वेग उतरवला की मशिनं चालतील. मला ते बघताक्षणीच कळलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं.”

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, “एवढं होतं तर मला चार शिव्या द्यायच्या होत्या, वहिनी.”

“तुम्हाला तुमच्याच तोंडानं बुडालेलं बघायचं होतं मला,” वहिनी म्हणाल्या, “आणि बघितलं.”

भावजी पट्ट्या गोळा करत खाली वाकले. मदतीला कुणी पुढे झालं नाही. वहिनी जायला वळल्या. वहिनींकडून परत आलेला माल शेठ आजवर पाकीटही न उघडता, नुसत्या त्यांच्या शब्दावर ठेवून घ्यायचा. त्यानं आपल्या माणसाला हाक मारली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “यापुढे वहिनींकडचाही माल तपासून घेत जा रे.”