हंडा, घागर आणि आजीचा खांदा

देवीच्या पोटात काय असतं, हे तुम्ही कधी हात घालून पाहिलंय का? मी पाहिलंय. ज्वारी असते.

आमच्या घरी देव नव्हते. देव्हारा होता, पण त्यात दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्रकं होती: हुंड्यावरची, दारूवरची, कर्मकांडावरची. दादा शेतकरी, पण जेवतानाही पत्रक वाचणार. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली.

दुष्काळ सरला त्या भादव्यात मी सांगलीच्या कॉलेजातून गावी आले ती शिल्प करायचं ठरवूनच. प्रदर्शन होतं. माझा विषय, ‘राबणारी बाई’. बाई ज्या भांड्यांत जन्म घालवते त्यांचीच तिची मूर्ती करावी, हा विचार मला फारच क्रांतिकारक वाटला होता. खाली हंडा, त्यावर घागर, वर तांब्याचं डोकं. डोकं तीनदा गडगडत चुलीपाशी गेलं.

“तुजी बाई लय डुलतीय गं,” आत्या दारातून म्हणाली.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. लग्नाआधी आळीतल्या सगळ्या गौरी तीच उभ्या करायची. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि गौरीला तिचा हात चालेनासा झाला. चाळीस वर्षं गौरीच्या सणाला तिला गोठ्यात नेमकं काम निघायचं.

“शिवू का?” तिनं विचारलं. कशाला, तर रोज स्वतः घासते त्या भांड्यांना!

“आत्या, ही गौर नव्हे. शिल्प आहे.”

“मग काय हरकत न्हाई,” म्हणत ती घुसलीच. हंड्यात ज्वारी ओतली, घागर चुंबळीवर बसवली, तांब्यावर कणकेचं नाक काढलं. ट्रंकेतून माझ्या आजीचं हिरवं लुगडं काढून नेसवलं आणि शेवटी घागर मुद्दाम डावीकडं कलती केली.

“वाकडी झाली की!”

“आई अशीच उबी ऱ्हायची. पानी वाहून खांदा उतरला हुता तिचा.”

मी आजीला पाहिलं नव्हतं. तिचा फोटोही नव्हता.

एवढ्यात शेजारची म्हातारी काकी विरजण मागायला आली. “आगं बया! तुमच्यात गौर?” दहा मिनिटांत सहा बायका करंडे घेऊन हजर.

मी आडवी झाले. “कुंकू लावू नका! ही राबणारी बाई आहे!”

“मग आमी काय पलंगावर बसून खातोय व्हय?” काकी म्हणाली. “सर बाजूला. उबी कुनी केली?”

आत्यानं पिठाचे हात पदराखाली घेतले. ‘मी केली’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं आणि प्रदर्शनात नावही माझंच झालं असतं. खरं सांगावं, तर आत्याचा पाणउतारा. इतकी पत्रकं वाचून माझं तोंड उघडेना.

“मी केली,” आत्याच म्हणाली.

दोघी करंडे उचलून चालत्या झाल्या. बाकीच्या काकीच्या तोंडाकडं बघू लागल्या. तेवढ्यात दादा शेतातून आले. उंबऱ्यातच थांबले. कुठल्याही देवापुढं न वाकलेला माणूस त्या उतरलेल्या खांद्याकडं बघून म्हणाला, “आई, घागर खाली ठेव की आता.”

मग काकीनं मूर्तीला सावकाश न्याहाळलं.

“नाक चुकलंय. सासूबाईंची मैतरीण हुती ती, मी बघितलीया. नाक धारदार हुतं. नीट कर, आन् मग आमच्यात ये. आमची गौर सकाळपास्नं दोनदा पडली.”

आत्यानं नाक नीट केलं. हात धुतले आणि पुढच्या दारानं काकीकडं गेली.

शिल्प काही सांगलीला गेलं नाही. दादा हलवू देईनात. “हे पूजन नव्हे, स्मरण आहे,” असं मला बजावत त्यांनी नैवेद्याच्या दोन पोळ्या खाल्ल्या.

तुमच्या घरात कुणी विधवा बाई असेल, तर यंदा गौर उभी करायला आधी तिला बोलवा. बघायला नव्हे, लुगडं नेसवायला. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या.