आवाज न करणारं दार

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दारं केली, पण त्यातल्या एकाही दारातून कधी माणूस आत गेला नाही. टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात ते होते, आणि कॅसेटच्या कप्प्याचं दार हे त्यांच्याकडे आलेलं काम. मोटर, स्पीकर ही मानाची कामं इतरांकडे. सहकारी बाबांना द्वारपाल म्हणायचे. बाबा नुसते हसायचे, कारण चिडायचं म्हटलं तरी चार शब्द खर्च करावे लागतात.

आमच्या घरी बोलायचं काम आईकडे होतं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाबा पेन्सिलीला टोक काढत बसायचे. "अहो, मी काय भिंतीशी बोलतेय?" असं तिनं विचारलं की "ऐकतोय ना," एवढंच उत्तर यायचं. संसार मात्र छान चालला होता. दोघांनी बोलायला घेतलं असतं तर ऐकलं कुणी असतं?

बटण दाबलं की दार उघडायचं, हे काम स्प्रिंगचं. सांगायला सोपं. पण स्प्रिंग कडक झाली तर दार फाडकन उघडतं आणि कॅसेट मांडीत येऊन पडते. नरम झाली तर ते हट्टी पोरासारखं अर्ध्यात अडून बसतं. शिवाय कॅसेट आत असली की दार जड, नसली की हलकं, आणि दोन्ही वेळा त्याची चाल सारखीच हवी. बाबांनी बिजागरीपाशी एक लहानसं दातेरी चाक बसवलं आणि त्यात मधासारखं घट्ट ग्रीस भरलं. स्प्रिंग ढकलायची, ग्रीस अडवायचं, आणि दार सावकाश खाली यायचं. त्या काळात बाबा घरातली चष्म्याची डबी, आईची पावडरची डबी, कपाटं, सगळं उघडून आणि लावून बघायचे, कान देऊन. "या माणसाला बायको नको होती, बिजागरी हवी होती," असं आई शेजारणीला सांगायची, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं.

उघडणं जमलं, आवाज राहिला. त्यांच्या विभागाची एक रीत होती. नवं दार टेबलावर ठेवायचं, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि साहेबांनी ते उघडून लावायचं. ज्याला आवाज ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. दार लावताना खटका खाचेत बसला की "टक्" व्हायचं आणि हात वर जायचे. बाबांनी पोलादी खटका काढून नायलॉनचा केला, खाचेला मऊ रबर लावलं, पुन्हा घासलं, पुन्हा बसवलं. शेवटी एका दुपारी एकही हात वर गेला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. बाबा ते दार बसवलेला नमुन्याचा टेपरेकॉर्डर दाखवायला घरी घेऊन आले, आणि मी त्यांना इतकं खूश पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच सुमारास आईचा घसा बसला होता, तो सुटेना. तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. "जीव ठेवताय ना? मग घ्या आवाज," आई त्यांना म्हणाली. घरी आल्यावर मात्र ती न्हाणीघरात नळ सोडून बसली, आणि नळ कशासाठी सोडलाय हे आम्हाला कळत होतं.

त्या नमुन्यावरच आवाज टेप करून ठेवायचा, हे बाबांनीच सुचवलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी आईनं मला खोलीबाहेर काढलं. मी कॉलेजात जाणारी, चांगली मोठी मुलगी. तरी म्हणाली, "तुझ्यासाठीच बोलायचंय, आणि तुझ्याकडे बघून मला बोलवणार नाही. जा."

मी बाहेर जायच्या आधी जुन्या कॅसेटवर चाचणी झाली. "येतोय का हो आवाज?" हे तिचं वाक्य मशीनमधून स्वच्छ आलेलं मी ऐकलं. मग बाबांनी कारखान्यातल्या सवयीनं ती चाचणी पुसली, कॅसेट काढली आणि खास आणलेली कोरी कॅसेट घातली. बाबा आत थांबले, मी जिन्यात बसून राहिले. बंद दारातून शब्द कळत नव्हते, नुसता घोगरा आवाज येत होता, आणि दोनदा ती हसली. बाहेर आली तेव्हा ती पार दमली होती. "आता नका लावू," म्हणाली. "आवाज गेल्यावर लावा."

ऑपरेशन नीट झालं. आई दवाखान्यातच होती तेव्हा मी हट्ट धरला आणि बाबांनी कॅसेट लावली. नुसती खरखर. दुसरी बाजू लावली. तिथंही खरखर.

बाबांनी कॅसेट काढली, परत घातली, दार लावलं आणि कडेवरून नख फिरवलं. दार केसभर पुढे राहिलं होतं. खटका खाचेत बसलाच नव्हता. दाबून बसवलं तरी खरखरच, म्हणजे आई बोलली तेव्हाही चाकं नुसती फिरत होती, टेप आवाज टिपणाऱ्या हेडला टेकत नव्हती. दार नीट लागलं नसेल तर बटण दाबलंच जाऊ नये अशी अडकण विकायच्या मशीनमध्ये असते. नमुन्यात ती अजून बसवलेली नव्हती.

"बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळू नये असंच केलं होतं ना मी," ते म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मी घेत नव्हते.

त्यांनी कारखान्यात जाऊन पोलादी खटका परत बसवला. डोळे मिटलेल्या विभागात सगळे हात वर गेले. साहेब भडकले. "दार लागलं की ते माणसाला कळलंच पाहिजे," असं बाबा उभं राहून म्हणाले आणि बसलेच नाहीत. अखेर साहेबांनी हात टेकले.

आई घरी आल्यावर त्यांनी स्वतःच तिला सांगितलं, पलंगाजवळ जमिनीवर बसून, मान खाली घालून. "तू बोललीस ते काही राहिलं नाही. चूक माझी."

आईनं खुणेनं टेपरेकॉर्डर मागवला, तो पोलादी खटक्याचा. कोरी कॅसेट आत घातली, दार दाबलं, बटण दाबलं. मला बसायची खूण केली. आधी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग बाबांच्या.

"मी?" बाबा म्हणाले. "मी काय बोलणार?"

तिनं टेबलावर हात आपटला.

"ती म्हणाली... तुझी आई म्हणाली, की तू झालीस तेव्हा सकाळची वेळ होती." थाप. "दुपारची. दुपारची वेळ होती. आणि म्हणाली की मी घाबरून दवाखान्याबाहेर उभा होतो." थाप. "बरं, पळून गेलो होतो. कोपऱ्यापर्यंतच." असं करत करत, आयुष्यात कधी सलग चार वाक्यं न बोललेला माणूस कॅसेट संपेपर्यंत बोलला.

आता दोघंही नाहीत. आईचा आवाज कसा होता, ते डोक्याला कितीही ताण दिला तरी मला आठवत नाही. ती कॅसेट मात्र आहे. बाबा अडखळतात, चुकतात, आईचा हात पडतो, बाबा सुधारतात. शेवटाकडे ते म्हणतात, "मग ती म्हणाली, यांना सांभाळ. यांना बोलता येत नाही, माझ्यामागे एकटे पडतील." तिथं बाबा बराच वेळ थांबले आहेत, थापेची वाट बघत. थाप पडलेली नाही.