शेपटी तेवढी उरली

सोनिकेटर मध्येच बंद पडला. लोडशेडिंग दोनला सुरू व्हायचं, पण त्या दिवशी लाइट सव्वालाच गेली.

अकोल्याच्या एका लॅबमध्ये माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू होता. नांदगाव खंडेश्वरहून कॉलेजला गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. मी रेखाताईंच्या हाताखाली होते. त्या पीएच.डी. करत होत्या. त्यांना बोंडअळीच्या आतड्यातलं एक प्रोटीन हवं होतं. अळीतून ते पुरेसं निघत नाही, म्हणून त्याचं जीन बॅक्टेरियात घालून त्यांच्याकडून बनवून घ्यायचं. सोबत दुसऱ्या एका प्रोटीनची शेपटी जोडायची. हे फ्यूजन प्रोटीन. शेपटी खास मण्यांना चिकटते, आणि तिच्यामागे आपलं प्रोटीन हाती येतं.

त्यासाठी बॅक्टेरिया फोडावे लागतात. सोनिकेटर ते आवाजाच्या लहरींनी करतो. पेशी फुटल्या की प्रोटीन कापणारे एन्झाइमही मोकळे होतात. थंडीत ते सुस्त राहतात, म्हणून सगळं काम बर्फात. आमचं बर्फाचं मशीन बिघडलेलं. बर्फ गेटसमोरच्या रसवंतीतून यायचा.

"कावून बाई, रोज बर्फ? आत सरबताचं दुकान टाकलं का?" रसवंतीवाले बब्बूभाई विचारायचे.

तो शुक्रवार होता. बब्बूभाई नमाजला गेलेले, रसवंती बंद. मे महिना. ट्रेमधल्या बर्फाचं पाणी झालं. रेखाताई वरच्या मजल्यावर त्यांच्या गाइड सरांच्या मीटिंगमध्ये होत्या. मी वर दारापर्यंत गेले. आत सर बोलत होते. परत आले. घरीही काही बिघडलं की आम्ही आधी गप्पच बसायचो.

फोडलेल्या पेशींची ट्यूब हाताला कोमट लागली. पाऊण तासानं लाइट आली. बब्बूभाईंकडून बर्फ आणला, काम पुरं केलं. वहीत लिहिलं, 'बर्फावर केलं.' संध्याकाळी रेखाताईंनी ते सगळं मण्यांवर ओतलं. मणी धुऊन धुऊन वापरलेले, एका खेपेपुरतेच उरले होते. रेखाताईंची फेलोशिपही महिनाअखेर संपत होती.

दुसऱ्या दिवशी प्रोटीन जेलवर चालवलं; त्यात मोठं प्रोटीन वर राहतं, लहान तुकडे खाली सरकतात. जाड पट्टी आली. रेखाताई हसल्या. मग त्यांनी पट्टी कुठं आहे ते नीट पाहिलं. फार खाली होती.

"हे तं नुसती शेपटी हाय. बाकी कापल्या गेलं. बर्फावरच केलं होतं ना?"

"लाइट गेलती ताई. पाऊण तास बर्फ नव्हता."

"मंग तवाच सांगितलं कावून नाही? मी वरच बसली होती. अर्ध्या पेशी फ्रीजरमधे हायेत अजून. त्या फोडल्या असत्या. मणी तरी वाचले असते."

"मले वाटलं, तुमी रागवाल."

"रागावली असती. तेवढंच."

नवे मणी यायला दोन महिने लागणार होते. रेखाताई जूनमध्ये धारणीकडच्या एका शाळेवर शिकवायला गेल्या. थिसिस अजून अर्धाच आहे, असं ऐकते. फ्रीजरमधल्या पेशी शेवटी मीच टाकून दिल्या.

वहीतली ती ओळ खोडून मी खरं काय ते खाली लिहिलं. आता लाइट गेली की मी बर्फ शोधत बसत नाही. आधी जिना चढते, दार वाजवते.